झेंडूच्या पाकळ्या अन् भैयाचं थोबाड

तोंड अर्धं उघडं. डावा डोळा मिटलेला, उजवा कपाळात गेलेला. नाक फुगलेलं. असा माहा चेहरा आमच्या फॅमिली ग्रुपवर स्टिकर होऊन फिरून राहिला. रायपूर, नागपूर, गोंदिया, भंडारा, जिथं जिथं आमचे नातेवाईक आहेत तिथं तिथं मी पोचलो आहे. कोणाचं पोट बिघडलं की माहं थोबाड. कोणाच्या घरची लाइट गेली की माहं थोबाड. माही मावशी तर रोज सकाळी ‘शुभ सकाळ’ लिहिते अन् त्याखाली मले चिकटवते, जसा काही सूर्य मीच आहे.

हे स्टिकर बनवलं माह्या मावसभावानं. माह्याहून थोडासाच मोठा, पण आई म्हणते भैया म्हण, म्हणून भैया. मराठी त्याले सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच. ‘जेवला काय?’ विचारलं तर म्हणते, ‘हाँ, खा लिया.’ त्याच्या खोलीत काचेच्या पेटीतला कंप्युटर आहे, आतमध्ये लाल-निळे लाइट लागते, बारातीच्या घोड्यासारखा सजलेला. त्यावर तो बंदुकीचे गेम खेळते अन् लाइव्ह दाखवते.

ते स्टिकर पाहिलं तेव्हाच मी ठरवलं होतं, याचं थोबाड असंच पाहिजे. माहं ज्या टीव्हीवर झालं त्याच टीव्हीवर, त्याच लोकांसमोर. बाकी मले काही नको होतं.

आता पहिल्यापासून सांगतो.

आम्ही आधी डोंगरगडले राहायचो. बाबा रेल्वेत. तिथल्या शाळेत मले अभ्यास फार आला नाही, आवाज आले. स्टेशनवरच्या अनाउन्समेंटवाल्या बाईचा आला, चनावाल्याचा आला, हेडमास्तरचा आला. एकदा पाण्याच्या टाकीमागं बसून हेडमास्तरच्या आवाजात सुट्टी दिली, तर अर्धी शाळा घरी गेली. मग बाबांची बदली रायपूरले झाली, आम्ही चौबे कॉलोनीत आलो, अन् मी कंप्युटरवर ट्रकचा गेम खेळत खेळत आवाज काढून लाइव्ह दाखवायले लागलो.

तो गेम परदेशातला. रस्ते मोठे, रिकामे, चकाचक. पण मी तो ट्रक सदर बाजारातून नेऊन राहिलो असं समजून चालवतो. मधूनच सोनार ओरडते, “अरे भैया, गाड़ी हटाओ, ग्राहक का रास्ता छेंक दिए हो!” मधूनच स्कूटीवाली दीदी येते, इंडिकेटर लेफ्टचा अन् वळते राइटले, अन् वरून मलेच म्हणते, “दिखता नहीं क्या?” हे सगळे आवाज मीच काढतो. लोक पाहतात, हसतात. गेम कोणी पाहत नाही, हे मले माहीत आहे.

दसरा झाल्यावरच्या रविवारी मावशीकडे सगळे जेवायले जमले होते. मावशी समता कॉलोनीत राहते. मी गेलो नाही, कारण त्या दुपारी माहं लाइव्ह होतं, अन् मावशीनं कबूल केलं होतं की हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर सगळ्यांले दाखवीन. नागपूरचे मामा होते, गोंदियाची काकू होती. आईबाबा तर होतेच. पहिल्यांदा घरचे लोक माहा कार्यक्रम एकत्र बसून पाहणार होते, म्हणून मी खास आयटम ठेवला होता. मौसाजींची शिंक.

मौसाजी म्हणजे मावशीचे मिस्टर. ते असे सरळ शिंकत नाहीत. आधी हातातलं खाली ठेवतात. मग तोंड उघडतात, एक डोळा मिटतात, दुसरा वर नेतात, नाक फुगवतात. मग सगळं घर वाट पाहते. पंखासुद्धा हळू फिरते असं वाटते. अन् मग अशी शिंक येते की शेजारच्या क्लिनिकमधले पेशंट दचकतात.

मी सगळं बरोबर केलं. ट्रक बाजूले लावला. तोंड उघडलं. डोळा मिटला. नाक फुगवलं. वाट पाहायले लावली. अन् अशी शिंकलो, अशी शिंकलो, की माही खुर्ची मागं सरकली.

फोन वाजला. आई.

“अरे, तू अटकला आहे.”

“कधीपासून?”

“शिंकायच्या आधीपासून. तोंड वासून बसला आहे तू टीव्हीवर. मामा म्हणून राहिले, याले डॉक्टरले दाखवा.”

मागून भैयाचं हसणं ऐकू येत होतं. “डब्बा है मम्मी, उसका डब्बा!” मग त्यानं आईच्या हातून फोन घेतला. “सुन बे. प्रोसेसर पुराना है तेरा. कबाड़ी को दे दे. स्ट्रीमिंग तेरे बस का नहीं, तू शादी-ब्याह में मिमिक्री कर.”

शिंक कोणी पाहिलीच नाही. अन् संध्याकाळी चहा पीत होतो तर ग्रुपवर स्टिकर आलं.

मी काही कंप्युटर शिकलेला नाही. पण बदला घ्यायचा असला की माणूस लवकर शिकते, हे मी अनुभवानं सांगतो.

पहिले मले वाटलं, नेटचं असंल. म्हणून मी लाइव्ह न जाता नुसतं रेकॉर्ड करून पाहिलं, नेटचा वायर काढून. तरी व्हिडिओ अटकत अटकतच आला. म्हणजे नेट बिचारं निर्दोष. मग रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट पाहिलं तर खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून येत होतं, की एन्कोडिंगचा बोजा झेपत नाही. याचा अर्थ मले जेवणाच्या सुट्टीतल्या सरकारी बाबूच्या आवाजात समजला: “गेम भी हम चलाएँ, उस गेम का वीडियो दबा-दबा के छोटा भी हम करें, भेजें भी हम? हम अकेले आदमी हैं साहब.”

हा बाबू म्हणजे प्रोसेसर. मी टास्क मॅनेजर उघडून पाहिलं, तर तो काठोकाठ भरलेला. मग त्याच्या डोक्यावरचं ओझं एक एक उतरवायले लागलो.

ब्राउझरमध्ये आईची भजनं उघडी होती. एक भजन संपलं की ती बंद करत नाही, दुसरं नवीन उघडते. सगळी बंद केली. मग माह्या स्क्रीनची सजावट पाहिली. कोपऱ्यात मासे पोहून राहिले, वर माहं नाव गोल गोल फिरून राहिलं, खाली पट्टी धावून राहिली, बाजूले दिवा मिणमिणून राहिला. लग्नाचं स्टेज म्हणा ना. मासे मारले, नाव थांबवलं, पट्टी काढली. मग व्हिडिओचा आकार एक पायरी कमी केला. गेम उगाचच दर सेकंदाले जितक्या निघतील तितक्या फ्रेम, म्हणजे चित्रं, काढत होता, त्याले लगाम घातला. अन् सगळ्यात मोठी गोष्ट, व्हिडिओ दाबायचं काम प्रोसेसरकडून काढून ग्राफिक्स कार्डाले दिलं. त्या कार्डात खास याच कामासाठी एक जण बसवलेला असते, अन् माह्याकडे तो इतके दिवस पाय पसरून झोपला होता.

आता मस्त चालेल, म्हटलं. चालला पण. ट्रक डेपोतून निघाला, हायवेले लागला, सोनार ओरडला, दीदी वळली. अन् मग हळूहळू परत तेच. पहिले बरा चालायचा, मग धाप लागायची. दुसऱ्या दिवशी परत तसंच. सुरुवातीले जोरात, मग रडत.

तेव्हा डोक्यात आलं की हा थकून नाही राहिला, हा तापून राहिला. प्रोसेसर गरम झाला की स्वतःले वाचवायसाठी स्वतःच हळू चालते. अन् हळू चालला की तेवढंच काम त्याले डोईजड होते. मी तापमान पाहिलं. त्यावर चहा झाला असता.

मी पेचकस घेतला अन् कॅबिनेटचं झाकण काढलं.

आत दसरा होता.

आमच्या घरी दसऱ्याले सगळ्या कामाच्या वस्तूंची पूजा होते. बाबांचे पाने-पेचकस, आईची शिलाई मशीन, मिक्सर, स्कूटर, अन् हा कंप्युटर. आईनं त्याले हळदी-कुंकू लावलं होतं, झेंडूचा हार घातला होता, वरून अक्षता टाकल्या होत्या, आपट्याची सोनपत्ती ठेवली होती अन् तोंडासमोर धूप फिरवला होता. कॅबिनेटच्या वर जाळी आहे हे तिले दिसलं नाही, अन् समोरचा पंखा हवा आत ओढते हे तिले कोणी सांगितलं नाही. झेंडूच्या पाकळ्या वाळून पंख्यात गुंडाळल्या होत्या. प्रोसेसरवरच्या पात्यांमध्ये तांदूळ अडकले होते, कुंकवात माखलेले. धुपाची काजळी सगळ्यावर. वरून त्या पूर्ण पेटीले सोफ्याच्या जुन्या कव्हरचा झगा, धूळ बसू नये म्हणून.

“आई! हे काय आहे?”

आई आली, पाहिलं, अन् हात जोडले. “अरे, पूजेचं आहे ते. कचऱ्यात नको टाकू हं.”

“मग कुठी टाकू?”

“तुळशीत टाक. अन् पाय नको लावू. आधी चप्पल काढ.”

मी चप्पल काढून प्रोसेसर साफ केला. ब्रश मारला, पंखा मोकळा केला, पाकळ्या वाटीत जमा करून तुळशीच्या कुंडीत टाकल्या. झगा काढला. आईनं विचारलं, थंडीत काय करशील? म्हटलं, स्वेटर विणून दे.

त्या दिवशी माहा ट्रक अख्खा सदर बाजार पार करून गेला, एकदाही न अटकता. मी एकटाच परत शिंकलो. रेकॉर्डिंग पाहिलं. शिंक पूर्ण आली होती, मागं सरकलेल्या खुर्चीसकट.

अन् तेव्हा, वाटी धुताना, माह्या डोक्यात दुसरी गोष्ट आली. आई अन् मावशी सख्ख्या बहिणी. एकीनं एक हार घातला की दुसरी दोन घालते. भैयाच्या पेटीले तर वरच्या बाजूले तीन-तीन पंखे, अन् वर सगळी जाळीच जाळी. दसऱ्याची पूजा तिकडेही झाली होती. अन् पुढं लक्ष्मीपूजन होतं. लक्ष्मीपूजनाले मावशी तिजोरीले एक हार घालते अन् कंप्युटरले एक, काहून की मुलगा त्याच्यातूनच नाव काढणार आहे.

मी त्याले फोन करून सांगू शकत होतो. काहून सांगू? त्या सकाळी ग्रुपवर कोण्या तरी काकाले ॲसिडिटी झाली होती अन् त्याखाली माहं थोबाड सहा वेळा आलं होतं.

मी गप बसलो. दिवाळीची वाट पाहत बसलो. इतकी वाट मी लहानपणी फटाक्यांची पण पाहिली नाही.

भाऊबीजेले सगळे परत मावशीकडे. तोच हॉल, तोच टीव्ही, तेच मामा, तीच काकू. भैयानं जाहीर केलं होतं की संध्याकाळी त्याचं मोठं लाइव्ह आहे. एका गेमिंग क्लबचे लोक पाहणार आहेत, आवडलं तर टीममध्ये घेणार. तो केस कापून आला होता, त्यानं नवीन टीशर्ट घातला होता, मौसाजींचं सेंट लावलं होतं. व्हिडिओत वास जात नाही हे त्याले कोणी सांगावं.

आम्ही दुपारीच पोचलो. ओवाळणं झालं, जेवणं झाली. मी सोफ्यावर बसून चकली खात होतो तर खोलीतून आवाज आला, “अबे यार!” मग परत, “अबे यार!” मग टेबलावर हात आपटल्याचा.

मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली, “काय झालं रे?”

“कुछ नहीं मम्मी!”

मग काही वेळानं तो दारात आला. मले पाहिलं. परत आत गेला. परत आला.

“सुन,” तो म्हणाला.

“बोल.”

“तेरा वाला कैसे ठीक हुआ?”

“कोणतं?”

“वही. अटकने वाला.”

“काहून? तुहा अटकते काय?”

“थोड़ा-थोड़ा. ट्रायल में.”

“तुहा तर नवीन आहे नं. माहा डब्बा होता.”

मले हॉलमधल्या घड्याळाचा काटा दिसत होता, त्याले पण दिसत होता.

“देख ले ना यार.”

“मराठीत बोल,” मी म्हटलं.

“क्या?”

“मराठीत मांग. पूर्ण वाक्य. भाऊ म्हणून.”

मामांनी पेपर खाली केला. काकू फराळाची प्लेट घेऊन सरसावून बसली. भैयानं मौसाजींकडे पाहिलं, मौसाजींनी छताकडे.

“भाऊ,” तो म्हणाला, “माझा... माझा कंप्युटर... पाहून दे.”

“कृपया.”

“कृपया, साले.”

मी चकली संपवली, हात पुसले, अन् आत गेलो.

आता मले कारण पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. झाकणावर हाराचा नुसता दोरा उरला होता, फुलं आत गेली होती. पण मी घाई केली नाही. मी शेजारच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरसाहेबांच्या आवाजात सुरू केलं. ते पेशंटकडे पाहत नाहीत, पर्चीकडे पाहत बोलतात.

“हूँ. कब से है तकलीफ?”

“नौटंकी मत कर यार.”

“पेशेंट के साथ कौन आया है? आप? भूख कैसी है इसकी? पेट साफ होता है?”

टास्क मॅनेजर उघडून दाखवला. पूर्ण भरलेला. “ये देखो. पेट साफ नहीं है.”

मग त्याच्याच हातानं एक एक करायले लावलं. व्हिडिओ दाबायचं काम प्रोसेसरकडे होतं, अन् ते पण सगळ्यात सावकाश, सगळ्यात बारीक कामाच्या सेटिंगवर. म्हणे, क्वालिटी अच्छी आती है. ते ग्राफिक्स कार्डाकडे दिलं. फ्रेमले लगाम. आकार कमी. मग म्हटलं, “आता ऑपरेशन,” अन् काचेचं झाकण उघडलं.

आमच्याकडे दसरा निघाला होता. इथं दसरा अन् दिवाळी दोन्ही होत्या. पंखे झेंडूनं माखलेले, तांदळाच्या जागी लाह्या अन् बत्ताशाचा चुरा. एका लाल लाइटवर कुंकू असं बसलं होतं की लाइटले सौभाग्य आलं होतं.

मावशी मागं येऊन उभी राहिली. “अगं बाई! मी तर म्हणून राहिली होती, हार कुठी गेला! मले वाटलं उंदरानं नेला.”

“मम्मी, आपने इसमें फूल डाले?” भैयाचा आवाज चिरकला.

“डाले नाही रे, वाहिले.”

मी ब्रशनं सगळं काढलं, वाटीत भरलं, मावशीच्या हाती दिलं. “तुळशीत टाक मावशी. आईनं सांगितलं आहे.”

कंप्युटर सुरू केला. प्रोसेसर आता निम्म्यावर. तापमान उतरलेलं. पण त्याचा बंदुकीचा गेम जड, गर्दीच्या जागी अजून थोडा अटकायचा. मी यादीत पाहत गेलो, अजून कोण खाऊन राहिलं. तर माइकवर एक फिल्टर लावलेला. मागचा सगळा गोंगाट पुसून टाकणारा. पंखा, रस्ता, भांडी, काहीच जाऊ देत नाही, फक्त माइकसमोर बोलणाऱ्याचा आवाज. चांगली वस्तू. पण त्याच्याकडचं हे फिल्टर प्रोसेसरचा मोठा लचका तोडत होतं.

तेव्हाच स्वयंपाकघरातून मावशीचा आवाज आला. कढईत अनारसा तुटला होता, अन् ती अनारशाले बोलून राहिली होती. भैयाची खोली स्वयंपाकघराले लागून. मधलं दार दिवाळीच्या रंगानं फुगलेलं, लागत नव्हतं. अन् मावशीचा आवाज असा की ती समता कॉलोनीतून हाक मारते अन् चौबे कॉलोनीतला माणूस ‘हव’ म्हणते.

मी त्याले विचारलं. नीट विचारलं. त्याच्याकडे पाहून विचारलं.

“हा गोंगाटवाला फिल्टर पण प्रोसेसर खाऊन राहिला. काढू काय?”

“हाँ हाँ, सब निकाल दे. बस अटकना नहीं चाहिए.”

“पक्कं?”

“अरे निकाल ना बे!”

काढला. ट्रायल घेतली. लोण्यासारखं चाललं. भैयानं माही पाठ थोपटली, ‘थँक यू’ म्हटलं नाही. मी हॉलमध्ये येऊन सोफ्यावर बसलो, टीव्हीच्या अगदी समोर. मोबाइल हातात घेतला. चकलीचा डबा मांडीवर.

लाइव्ह सुरू झालं. भैया टीव्हीवर असा दिसत होता जसा कधी दिसला नाही. एकदम साफ. एक फ्रेम इकडची तिकडे नाही. तो त्याच्या लाइव्हवाल्या आवाजात बोलायले लागला. तो आवाज घरचा नाही, कोण्या हॉटेलच्या मॅनेजरचा आहे. “तो कैसे हैं आप लोग? आज का गेमप्ले बहुत स्पेशल होने वाला है.” गोळ्या चालल्या, हॉलमध्ये टीव्हीशिवाय दुसरं काही ऐकू येईना, माणसं पडली, खाली लोकांचे मेसेज यायले लागले. क्लबवाले पण आले होते, त्यानं त्यांचं स्वागत केलं.

मी चकली तोंडात टाकली.

अन् टीव्हीतून, एकदम साफ, एकदम ताजा, मावशीचा आवाज आला:

“अरे ए छकुल्या! तुही चड्डी काहून बाथरूमात तशीच पडली आहे? कोण धुवील? तुहा गेम धुवील काय?”

भैयाचं बोलणं मध्येच तुटलं. त्यानं मान वळवून दाराकडे पाहिलं. तोंड अर्धं उघडं. एक डोळा मिटलेला, दुसरा वर गेलेला. नाक फुगलेलं.

मागं गेममध्ये माणसं पळून राहिली होती, गोळ्या सुटून राहिल्या होत्या, लाल-निळे लाइट फिरून राहिले होते. व्हिडिओ कुठंच अटकला नाही. तो स्वतःच अटकला.

मी फोटो घेतला.

पण एक गोष्ट मी धरली नव्हती. लाइव्ह थोडं मागून चालते. खोलीत बोललं की टीव्हीवर यायले वेळ लागते. म्हणजे मावशी ओरडून कढईकडे वळली होती, अन् मग तिलेच तिचा आवाज हॉलमधून ऐकू आला. ‘कोण धुवील? तुहा गेम धुवील काय?’

ती झारा घेऊनच बाहेर आली. तेल टपकत होतं.

“तूच नं?” ती माह्याकडे पाहून म्हणाली. “माही नक्कल करून राहिला? सणासुदीले? माह्याच घरी बसून, माहीच चकली खाऊन?”

माह्या तोंडात चकली कोंबलेली. मी मान हलवली, नाही. माहं तोंड बंद होतं, अख्ख्या हॉलनं पाहिलं होतं.

“बहिणीच्या पोटचा आहे म्हणून सोडते,” ती म्हणाली, अन् झारा माह्या नाकासमोर नाचवला. हे सगळं पण टीव्हीवर गेलं. काही वेळानं आम्ही सगळे ते ऐकत बसलो. ‘बहिणीच्या पोटचा आहे म्हणून सोडते.’ खाली मेसेजचा पूर आला. छकुल्या भाई. छकुल्या भाई की जय. आंटी को टीम में लो. क्लबवाल्यांनी हसण्याचं चित्र पाठवलं, मग ते गेले.

मामा इतके हसले की त्यांले पाणी द्यावं लागलं. मौसाजींनी हातातला चहा खाली ठेवला. आम्हाले वाटलं शिंक येते. पण ते नुसते हसत होते, आवाज न करता.

भैयानं लाइव्ह बंद केलं अन् बाहेर आला. कान लाल.

“तूने किया.”

चकली गिळली मी. “मी काय केलं? तुहा कंप्युटर अटकला काय?”

“नहीं, पर...”

“एक फ्रेम तरी गेली काय?”

“वो फिल्टर...”

“मी विचारलं होतं. ‘सब निकाल दे’ कोण म्हणलं?”

अन् मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कोणी न मागता, तो मराठीत बोलला. काय बोलला ते इथं लिहिता येत नाही, पण व्याकरण एकदम शुद्ध होतं.

घरी येताना स्कूटरवर मागं बसूनच मी स्टिकर बनवलं. आई पुढून म्हणत होती, काय हसून राहिला? घरी पोचायच्या आधी ग्रुपवर टाकलं. भैयाचं थोबाड, तोंड अर्धं उघडं, नाक फुगलेलं. खाली लिहिलं, ‘छकुल्या’.

भैया ग्रुप सोडून गेला. मावशीनं परत घातला. परत गेला. या वेळी आईनं घातला, म्हणे, सणाचं असं कोणी जाते काय. आमच्या ग्रुपमधून कोणी जाऊ शकत नाही, हे मले आधीच माहीत होतं, मी पण करून पाहिलं होतं.

आता गोंदियाच्या काकूची लाइट गेली की भैया. मामांचं पोट बिघडलं की भैया. फक्त मावशी ऐकत नाही. ती सकाळी ‘शुभ सकाळ’ लिहिते अन् त्याखाली दोघांले लावते, एक तो, एक मी, बाजूबाजूले, दोघांचीही तोंडं उघडी. मी तिले फोन करून म्हटलं, मावशी, माहं काढ नं आता, त्याचं एकट्याचं पाठव. तर म्हणे, “काहून? दोघंही माहेच पोट्टे आहात. जोडी चांगली दिसते.”

मले त्याच्या बाजूले बसायचं नव्हतं. म्हणून आता मी मावशीच्या आधी उठतो. तोंड धुवायच्या आधी, चहाच्या आधी, ग्रुप उघडतो अन् सगळ्यांले शुभ सकाळ करतो. एकटा भैया. रोज.